घड्याळात जाणारा सेल

“मग ट्रायल फेल लिहू?” मगदूमसरांनी त्यांच्या केबिनमध्ये विचारलं. टेबलावर माझा दिवा व्यवस्थित जळत होता.

शिरवळच्या आमच्या छोट्या युनिटमधलं हे माझं पहिलं डिझाइन. एका पेन्सिल सेलवर चालणारा एलईडी दिवा. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. नवा सेल दीडच देतो. म्हणून मध्ये बूस्टर. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर आणि फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली कॉइल. ट्रान्झिस्टर सेलचा प्रवाह भराभर चालू-बंद करतो. प्रवाह तुटला की कॉइल साठवलेली ऊर्जा जास्त व्होल्टेजने एलईडीकडे ढकलते. टॉर्चला नकोसा झालेला सेलही यात चालतो.

ट्रायलसाठी दिवा मेढ्याला आत्याकडे ठेवला होता. तिचा फोन आला. “दिवा लय झ्याक हाय, बाई. पर माझी एसटी चुकली.”

तिला डोळे दाखवायला साताऱ्याला जायचं होतं. भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं, आणि डॉक्टरांकडे बऱ्याच दिवसांनी लागलेला नंबर गेला.

रविवारी मी मेढ्याला गेले. बोलता बोलता आत्याने दिव्यातला संपलेला सेल काढला आणि सवयीने घड्याळात घातला. आमच्या घरीही असंच करतात. टॉर्चचा उतरलेला सेल घड्याळाला पुरतो, कारण त्याला फार थोडी वीज लागते. पण माझा दिवा सेल पार पिळून सोडत होता. असा सेल जरा विसावला की घड्याळ थोडा वेळ चालवतो, मग घड्याळ मागे पडू लागतं.

सोमवारी मी हे सांगितल्यावर सरांनी आधी फेल लिहू का विचारलं, मग म्हणाले, कट-ऑफ टाक, सेल थोडा उरला असतानाच दिवा बंद होऊ दे. तसं केलं तर तो साधा टॉर्चच झाला असता. मी सरांसमोर सहसा बोलत नाही.

“सर, सर्किट राहू दे. क्रम बदलू. आधी घड्याळ, मग दिवा.”

सरांनी वर पाहिलं. केबिनमधलं घड्याळ कधीपासून बंदच होतं. त्यांनी खुर्चीवर चढून त्यातला सेल काढला आणि माझ्या दिव्यात घातला. दिवा लागला. “आमची हीपण घरी टॉर्चचे उतरलेले सेल घड्याळातच घालते,” ते खाली उतरत म्हणाले.

आता बॉक्सवर एक ओळ आहे: घड्याळ बंद पडलं की त्यातला सेल या दिव्यात घाला. आत्याला नवा नंबर मिळाला. त्याआधी मी तिच्या घड्याळात नवा सेल घालून आले.

ट्रायलच्या फॉर्ममध्ये सेल कुठून आणला, हे मी विचारलं होतं. पुढे तो कुठे जातो, हे विचारायचं राहिलं होतं.