धाकटीची कंबर

गल्लीतल्या अर्ध्याअधिक बायकांचे कपडे थोरलीच्या हाताखालून गेले होते. कोण सुटलंय आणि कोण वाळलंय हे तिला त्यांच्या नवऱ्यांच्या आधी कळे. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली, शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि मागच्या खोलीत आई. तोंडात टाचण्या असल्या की थोरली बोलत नसे. नसल्या की लोकांना वाटे, असत्या तर बरं झालं असतं.

एवढा बसलेला हात, पण सख्ख्या बहिणीच्या बाबतीत फसला. धाकटी एकदा आपला निळा ड्रेस घेऊन आली. "ताई, कंबर जरा आत घे गं, सैल होतोय." थोरलीने घेतली. दोन महिन्यांनी तोच ड्रेस परत आला. टेप लावता लावता थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पन्नाशी उलटल्यावर हिची कंबर उतरते, आणि आपल्याला मेलं पाणी प्यायलं तरी अंगी लागतं!

"खातेस तरी काय एवढं मोजूनमापून?"

"कसलं मोजून? दोन घासांतच पोट भरतं हल्ली."

"त्यालाही नशीब लागतं," थोरली म्हणाली आणि मशीन जोरात चालवलं.

नशिबाचं हे भांडण जुनं होतं. धाकटी जन्मली तीच मूठभर, जगते की नाही अशी. आई घास स्वतः चावून मऊ करायची आणि तिच्या तोंडात घालायची. थोरली समोर ताट घेऊन बसलेली. "तू मोठी ना? आपल्या हाताने खा." मोठी म्हणजे किती, तर चार वर्षांनी! तेव्हापासून ती आपल्या हाताने जेवली, पुढे त्याच हातांनी आईचंही करत आली. पण मागच्या खोलीतून दिवसभर विचारपूस व्हायची ती धाकटीची. तिचा फोन आला का? ती येणार होती ना? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते थोरलीला कोणी समजावून सांगायला नको होतं.

तिसऱ्यांदा कंबर आत घ्यायची वेळ आली नाही. धाकटीला अन्न उलटून पडायला लागलं. नळी घालून जठराचा बारीकसा तुकडा काढला, तपासला, आणि कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. "हे काल-परवाचं नाही. एक जंतू असतो, तो बहुधा लहानपणीच पोटात शिरतो. जठरात एवढं आम्ल, पण हा पठ्ठ्या आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि आतल्या चिकट थरात ठाण मांडून बसतो. अस्तराला सूज येते, ती वर्षानुवर्षं उतरत नाही. हळूहळू तिथल्या ग्रंथी झिजतात, त्यांच्या जागी आतड्यासारखं अस्तर यायला लागतं. मग पेशींची ठेवण बिघडते, आणि एखाद्याच्या बाबतीत त्याचा कॅन्सर होतो. जंतू पुष्कळांच्या पोटात असतो, बहुतेकांना असं काही होत नाही."

थोरलीला रफू आठवला. एकाच जागी पुन्हापुन्हा रफू केला की शेवटी तिथे मूळचं कापड उरतच नाही.

"पण येतो कुठून?" तिने विचारलं.

"बरेचदा घरातूनच. उष्ट्यातून, आईने चावून भरवलेल्या घासातूनही येऊ शकतो. नक्की कोणी सांगू शकत नाही. तुम्हीही तपासून घ्या."

श्वासाच्या तपासणीसाठी थोरलीने त्यांनी दिलेल्या पिशवीत फुंकर मारली. जंतू नव्हता. "सुटलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर बसून तिने सुटल्याचा आनंद मानून पाहिला, पण तो काही होईना. म्हणजे आईने हेसुद्धा धाकटीलाच दिलं! मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. बहीण डोळ्यांदेखत झिजत होती, आपण टेप लावून जळत बसलो, आणि अजूनही जळतोच आहोत. शरम आली म्हणून मत्सर काही निघून गेला नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईने तिला मागच्या खोलीत बोलावलं.

"धाकटी फोनवर म्हणत होती, लहानपणीचा जंतू आहे म्हणून. तू होतीस ना तिथे? खरं सांग. माझ्या घासातून गेला का गं तिच्यात?"

जन्मभर जे ऐकवायचं राहिलं होतं ते आयतं जिभेवर आलं. नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश, म्हातारीने उरलेले दिवस कुढून काढले असते. थोरलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात आता चावायला दातही नव्हते.

"छे! मलाही निघालाय तोच जंतू," ती म्हणाली. "मला कुठे भरवलं होतंस तू चावून? पाण्यातून आला असेल दोघींना."

हे आपण आईसाठी बोललो की स्वतःसाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

आई धडपडत उठून बसली. थोरलीला हाताला धरून तिने जवळ ओढलं आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

"तुलाही? आणि बोलली नाहीस? जेवण जातं का गं तुला? भूक लागते ना?"

आईने असं कधी विचारल्याचं थोरलीला आठवेना.

"कधी कधी नाही जात," ती म्हणाली.

बाहेर मशीनवर ठेवलेला फोन वाजायला लागला. पडद्यावरचं 'धाकटी' तिला इथूनही दिसत होतं. सकाळीच तिला शस्त्रक्रियेला नेणार होते.

"फोन वाजतोय गं," आई म्हणाली. हात तिने अजून काढला नव्हता.

"वाजू दे," थोरली म्हणाली. "गिऱ्हाईक असेल."