नऊ इंच तीन सूत

ओल्या शाडूच्या मातीला एक शीतल, मंद गंध असतो. पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात शिरताच तो अंगावर येतो आणि दिवसभर पदराला, केसांना, अगदी डब्यातल्या भाकरीलाही चिकटून राहतो. या गंधात तुला एक दिवस गणिताची गोडी लागेल, असं शाळेत कुणी मला सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. दशांशचिन्ह म्हणजे आकड्यांच्या पंगतीत सांडलेलं शीत, असंच माझं तेव्हा ठाम मत होतं!

आमच्याकडे बायका रंग देतात, डोळ्यांची आखणी करतात. माती घडवणं पुरुषांकडे. यंदा मात्र माझी धाकटी जाऊ वंदना हट्टालाच पेटली. रोह्याला तिच्या माहेरी बसणारा गणपती पायापासून मुकुटापर्यंत ती एकटी घडवणार होती. तिच्या भावाने हो म्हटलं खरं, पण त्याच्या आवाजातली शंका फोनवरूनही ऐकू आली. मूर्ती फसली असती तर पुन्हा कुणी तिच्या हाती मातीचा गोळा दिला असता का?

मखर रोह्याच्याच रफीकभाई सुतारांचं, यंत्रावर कापलेलं. त्यांनी आतली मापं मोबाइलवर पाठवली: उंची १४.५ इंच, रुंदी ९.३७५ इंच, मूर्ती याहून केसभरही मोठी नको. आता आमच्या कारखान्यात आठ सुतांचा एक इंच, आणि माप लिहिताना इंच व सूत यांच्यामध्ये आम्ही टिंबच देतो. वंदनाने सवयीने वाचलं, चौदा इंच पाच सूत. वाळताना माती आक्रसते तेवढी सूट धरून तिने मुकुटापर्यंत मूर्ती उभी केली, आणि मग हात बसवायला घेताना ती रुंदीपाशी येऊन अडली.

"ताई गो, नऊ इंच नि तीनशे पंच्याहत्तर सूत? ह्यो गणपती हाय का डोंगर?"

हसू आवरत मी मातीच्या फळीवर काडीने लिहिलं: तीनशे पंच्याहत्तर छेद हजार. पाचाने भागलं, पुन्हा पाचाने, पुन्हा एकदा पाचाने. केवढी ती अवजड संख्या, आणि पाहता पाहता ती किती सुटसुटीत झाली! मोल तेच राहिलं, नुसता भार उतरला. फळीवर उरले तीन छेद आठ. आठ! आमच्याच इंचाचे आठ! म्हणजे नऊ इंच तीन सूत. आयुष्यभर ज्या अपूर्णांकांपासून मी पळत होते, ते आमच्याच कारखान्यात आमच्याच पट्टीवर बसलेले होते की! कोणत्या आनंदाची याला उपमा द्यावी?

आणि त्याच क्षणी माझी नजर मोबाइलवरच्या उंचीकडे गेली. मग त्या चौदानंतरच्या पाचाचं काय? पाच छेद दहा म्हणजे अर्धा, आणि अर्ध्या इंचाचे सूत चार. मूर्ती सूतभर उंच झाली होती. मखराच्या कमानीला मुकुट अडला असता, आणि साऱ्या माहेरासमोर अडला असता.

वंदनाने मातीवर हात ठेवला. "ओली हाय अजून. व्हईल." कोरणीने तिने मुकुटाचं टोक उतरवलं, नवी कळी बसवली, पुन्हा पुन्हा पट्टी लावून पाहिली.

चतुर्थीच्या सकाळी रोह्याला मी तिच्यासोबत होते. भावाने मूर्ती उचलली, श्वास रोखून मखरात सरकवली, आणि मुकुट कमानीखालून अलगद आत गेला. रफीकभाईंनी वाकून पाहिलं नि मान डोलावली, "बराबर बसला!" ओटीवर आरतीला जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाऊ म्हणाला, "आमच्या वंदीनं घडवलाय. तिनं एकटीनं."

सगळे मूर्तीकडे पाहत होते, मी वंदनाच्या हातांकडे. नखांत अजून माती होती, आणि ते हात तिने पदराआड घेतले नाहीत.