शत्रूच्या बाजूचा पाट

सुमाक्का गेली त्या संध्याकाळी मी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर गाडीत अडकलो होतो आणि युद्ध जिंकत होतो. शेजारी आमच्या अपार्टमेंटमधले कुलकर्णी. ते पुण्याहून आलेले, आम्ही इथे कित्येक पिढ्या रुजलेले. त्यांना माझं मराठी कळत नाही, मला त्यांचं इंग्रजी. शत्रूच्या बाबतीत मात्र आमचं एकमत. सीमेवर पुन्हा तापलं होतं, आणि टोलनाका येईपर्यंत आम्ही पलीकडची दोन शहरं घेतलीही होती. तेवढ्यात बसवनगुडीहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "राघूअण्णा, लवकर या... अक्का उठत नाहीत." एवढा मोठा सेनापती मी, पण गाडीचा गिअर कसा टाकतात तेच आठवेना. तिथून पुढे गाडी कुलकर्णींनी चालवली.

सुमाक्का माझी चुलत बहीण, पण मोठी इतकी, की माझे पहिले दात पडले ते तिनेच छपरावर फेकले. भावजी लवकर गेले. एकुलता मुलगा प्रसन्न, तो फौजेत गेला. अक्काच्या घरी दसऱ्याला गोंबे मांडायचे, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास: वर राजाराणी, मग देवदेवता, मग वाणी नि त्याची बायको. सगळ्यात खाली जमिनीवर मुलांसाठी बाग. आठवडाभर आधी पत्र्याच्या मोठ्या ताटात माती भरून नाचणी पेरायची, ती उगवली की हिरवळ तयार. प्रसन्न लहान असताना हटून बसला की मला बाग नको, लढाई हवी. अक्का म्हणाली, "सरी, चालेल. पण दोन्हीकडची मांडायची." तेव्हापासून त्या नाचणीत दोन फौजा समोरासमोर उभ्या राहू लागल्या, आणि शत्रूच्या तंबूमागे अक्काने स्वतः केलेली मातीची चूल, बोटभर हंडी आणि दोरीवर वाळत घातलेला चिंधीचा सदरा! त्या चुलीमागे एक खराखुरा, बसायचा पाट. येणाऱ्याने आधी त्या पाटावर बसायचं, प्रसादाची उसळ नंतर. "स्वल्प इकडे ये रे. इथनं बघ आणि सांग, चाल करून कोण येतंय?" रात्री सगळे निजले की ती स्वतः तिथे बसून राहायची. वर्षानुवर्षं उसळीच्या आशेने मी बसत आलो, उत्तर देत आलो, आणि घरी जाऊन विसरत आलो. खाण्यापुरता माझा स्वभाव फार विशाल आहे.

यंदा दुसऱ्या माळेला मी कुलकर्णींना गोंबे दाखवायला घेऊन गेलो. तीच अक्काची नि माझी शेवटची भेट. कुलकर्णी चुलीकडे बघतच राहिले. "अक्का, डोन्ट माइंड, पण एनिमीला किचन? अहो, त्यांना फक्त आपल्याला संपवायचंय. सिंपल आहे."

"संपवायला येणारा जेवून येतो की उपाशी, ते नको कळायला?"

"पण अक्का, ही मुलांना काय शिकवण? बघणारे म्हणतील, ह्या कुणाच्या बाजूच्या!"

मी घाईने उसळीचं कौतुक केलं. कुणी ऐकलं नाही. अक्काने हातातला डाव खाली ठेवला. "माझा मुलगा उभा आहे हो तिथे. पलीकडच्याला राग आलाय की भीती वाटतेय, हे त्याला आधी कळलं तर तो घरी येईल. घाबरलेला माणूस लवकर गोळी घालतो. तुमच्या ओरडण्याने काय कळणार त्याला?" मग लगेच हसून, "बसा की पाटावर. हा राघू मावतो, तुम्ही सहज मावाल."

कुलकर्णी गुडघे धरत बसले. बराच वेळ बघत राहिले. "इथून तर... आपणच चाल करून येतोय असं वाटतं." अक्काने त्यांना उसळ वाढली, वर खोबरं जरा जास्तच घातलं. आणि दोन दिवसांनी, बघा, तेच आम्ही दोघं त्या पुलावर पुन्हा शहरं घेत होतो.

प्रसन्न दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर तिला हॉलमध्येच ठेवलं होतं, बाहुल्यांसमोर. सुतकात गोंबे हलवू नयेत असं कुणीतरी म्हणालं, म्हणून सगळ्यावर एक जुनी चादर टाकली. तेराव्यानंतर ती आम्ही काढली. नाचणी अंधारात वाढून पिवळी पडली होती, फौजांवर आडवी झाली होती. प्रसन्नने बोटांनी ती बाजूला सारली. "मामा, ती रोज फोनवर एकच विचारायची. समोरच्यांना आज कसली भीती वाटतेय? मी वैतागायचो. म्हणायचो, आई, मला कसं कळणार! तर म्हणायची, कळून घे बाबा..." दोन दिवसांनी तो परत कामावर गेला.

बाहुल्या आवरायला मी एकटाच उरलो. शिपाई उचलण्याआधी सवयीने त्या पाटावर बसलो. उसळ नव्हती, त्यामुळे असेल, पहिल्यांदाच नीट बघितलं. आपल्या बाजूने बघितलं तर आपल्या शिपायांच्या पाठी तेवढ्या दिसतात. त्यांचे चेहरे दिसतात ते फक्त शत्रूच्या चुलीमागून. सगळे निजल्यावर ती एवढा वेळ ह्या पाटावर का बसून राहायची, ते मी कधी विचारलंच नव्हतं...

तो पाट आता माझ्या घरी आहे. बायको म्हणते, ह्यावर तुम्ही बसलात की उठवायला क्रेन लागते. खरं आहे. काल बसलो आणि प्रसन्नला फोन लावला. जेवलास का, थंडी आहे का, सगळं विचारून झालं. मग घसा खाकरून म्हटलं, "काय रे, समोरच्यांना आज कसली भीती वाटतेय?"

ह्या वेळी तो वैतागला नाही.

"मी बरा आहे, मामा," तो म्हणाला.