मुंगूस आणि इंग्रजीचे सर

मंडळी, महाडच्या सायबर कॅफेत लेकीला शेजारी बसवून हे लिहितेय.

माझी केतकी सहावीत आहे. जवळच्या नाते गावाहून इथे इंग्रजीच्या शिकवणीला येते. काल सरांनी सांगितलं, गूज या पक्ष्याचं अनेकवचन गीज, म्हणून मंगूजचं मंगीज. केतकीने मंगूजेस लिहिलं होतं, त्यावर लाल फुली!

मला खटकलं. मंगूज म्हणजे मुंगूस, त्याचा पक्ष्याशी काय संबंध? घरातला जाडजूड शब्दकोश काढला. गूज हा जुन्या इंग्रजीतलाच शब्द, आणि मंगूज चक्क मराठी 'मुंगूस'वरून गेलेला! म्हणजे केतकीचं मंगूजेसच बरोबर.

आज ते पान सरांना दाखवलं. त्यांनी आधी कव्हरच निरखलं.

"मॅडम, कोश डुप्लिकेट तर नाही ना? इंग्रज मराठी शब्द कशाला घेतील?"

"सर, त्यांच्याकडे मुंगूसच नव्हतं. मग नाव कुणाचं घेणार?"

"बघतो," म्हणाले, पण फुली तशीच ठेवली.

बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, "आई, आतापर्यंत सरांनी शिकवलेलं बाकीचं तरी बरोबर असेल का गं?"

मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं?