मधल्या तुकड्यावरचं टिंब

साकाता या आमच्या जपानी गावात उसुई सरांच्या हाताखालून गेलेला कुणीही इंग्रजी शब्द चिरून दाखवेल. शब्द कितीही लांबलचक असो, सर लाल पेन्सिलीने त्यात तिरप्या रेघा ओढत आणि ज्या तुकड्यावर जोर, त्याच्या डोक्यावर टिंब देत. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चे सहा तुकडे, टिंब चौथ्यावर. परीक्षेत नेमकं हेच विचारायचे, तेही कागदावर. बोलायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून आम्ही बोललो नाही आणि सरही बोलले नाहीत. मी न्हावी झालो, त्यांच्या शेजारीच दुकान टाकलं, तरी त्यांच्या तोंडून इंग्रजी वाक्य कधी ऐकलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक चिनामी लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली. जावई तिकडचाच. ती बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली त्या दिवशी सरांच्या बायकोने, फुसाए काकूंनी, लाल चवळी घालून शुभकार्याचा भात शिजवला आणि मलाही बोलावलं.

"बातमी तर येऊ दे आधी," सर कुरकुरले.

"येईलच. तुम्ही वाडगे काढा."

तेवढ्यात फोन वाजला. सरांनी उचलला. जावई भडाभडा बोलत होता.

"अहो, काय म्हणतोय? मुलगा की मुलगी?"

"थांब गं! ऑपरेशन झालं म्हणतोय... पुढचं कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही? मग जन्मभर शिकवलंत काय?"

सरांनी फोनशेजारच्या कागदावर विचारायचा तो एकच शब्द लिहिला, सक्सेसफुल. सवयीने रेघा ओढल्या. तीन तुकडे, टिंब मधल्यावर. मग फोनमध्ये विचारलं, "सा-कु-से-सु-फु-रु?" आमच्या जिभेला जशी सवय, तसे सहा ठोके, सगळे सारखे. पलीकडून "व्हॉट?" आलं. सरांनी टेबलावर बोट आपटत पुन्हा विचारलं, पुन्हा सहाच. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चिरकला. मला त्यांची कीव आली, रागही आला. आणि मला तर तेवढंही येत नव्हतं.

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "चिनामी? चिनामी?"

"नो," जावई म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. फोनबाहेर मलासुद्धा ऐकू आलं. चिनामी गेली, एवढं इंग्रजी काकूंनाही कळलं. त्यांनी शुभकार्याच्या भातावर झाकण घातलं.

सर तो कागद धरून तसेच उभे होते.

"टिंब बरोबर आहे रे," ते मला म्हणाले. "बघ ना. बरोबर आहे."