बोर्डिंगचा निधी आणि शांताची घोंगडी

ज्या कमिटीचं काम झटपट होतं, तिच्या वाट्याला किस्से येत नाहीत. आमचं काम इतकी वर्षं रेंगाळलं, की आमच्याकडं किस्स्यांना तोटाच नाही! काम एवढंच, खेड्यातल्या मुलींसाठी उस्मानाबादेत बोर्डिंग काढायचं. निजामाचं राज्य गेलं होतं, आता आपल्या पोरी शिकणार म्हणून सगळे जोशात होते. वकीलसाहेब अध्यक्ष, कापडवाले तात्याशेठ खजिनदार आणि हायस्कुलातला मास्तर म्हणून मी चिटणीस. हे किस्से मी चहावर सांगतो आणि मित्र पोट धरून हसतात. मीही हसतो. पण घरी जाताना जीव जळतो, हेही खरं.

*

पहिली देणगी तुळजापूरच्या गोदाकाकूंची. पुजाऱ्यांच्या घरातली विधवा बाई. पदराची गाठ सोडून त्यांनी सोन्याच्या पाटल्या टेबलावर ठेवल्या. म्हणाल्या, "मला अक्षर येत नाही. ज्यांना येईल त्यांच्यासाठी मोडा."

बेत चांगला होता. पैसे गुंतवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजावर पोरींचं जेवणखाण चालवायचं.

त्याच आठवड्यात बेंबळीचे बापू धनगर आले. त्यांची शांता चौथी पास झालेली, पुढं शिकायची हौस दांडगी. बापूंनी खांद्यावरची नवी कोरी घोंगडी माझ्या हातात दिली. काळी, काठाला पांढरी रेघ.

"घरच्या मेंढरांची लोकर हाय, गुर्जी. पोरीच्या हातरुनाला केलीया. बोर्डिंग झालं की तिला धाडतो."

"पुढच्या जूनलाच आणा!" वकीलसाहेब म्हणाले.

*

आता पैसे ठेवायचे कुठं? एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही, आणि तसं तोंडावर म्हणायचीही पंचाईत. म्हणून एक लोखंडी ट्रंक आणली, तिला तीन कुलपं लावली आणि तिघांकडं एकेक किल्ली दिली. सगळे खूश! यालाच आम्ही गुंतवणूक म्हणत होतो.

ट्रंकेत निम्म्याहून जास्त रक्कम निजामाच्या जुन्या चलनातल्या, हाली नोटांची. त्या बदलून घ्यायला सरकारनं मुदत दिली. नेमके तेव्हाच तात्याशेठ रुसले. का, तर बैठकीच्या नोटिशीत त्यांचं नाव माझ्या नावाखाली पडलं! किल्ली खिशात घालून ते दुकानात बसून राहिले. मी तीनदा पाया पडून आलो.

शेवटी मी वकीलसाहेबांना म्हणालो, "कुलूप तोडू या."

"मास्तर, तोडायला ठराव लागतो," ते म्हणाले, "आणि ठरावाला तात्याशेठ लागतात!"

मुदत गेली, नोटांचा कागद झाला. नंतर तात्याशेठ स्वतःच्या हातानं किल्ली घेऊन आले, ट्रंक उघडली आणि नोटांकडं बघून लहान मुलासारखे रडले. त्यांचं मन वाईट नव्हतं हो! पण शांताचा जून गेला.

*

पोळल्यावर अक्कल यायला हवी होती. बैठकीत जो तो गुंतवणुकीची नवी वाट दाखवू लागला. एकजण म्हणाला, तेरखेड्याच्या फटाकेवाल्याला द्या, दिवाळीला दुप्पट! तात्याशेठ म्हणाले, "आणि ठिणगी पडली तर आवाज आपल्याला हितं ऐकू येईल!"

मग वकीलसाहेबांनी हळूच आपल्या मेहुण्याच्या ऑइल मिलचं नाव काढलं. अध्यक्षांच्या मेहुण्याला नाही कोण म्हणणार? भिडेखातर सगळ्यांनी माना डोलावल्या. जवळजवळ सगळी शिल्लक त्या एका मिलमध्ये गेली.

वर्षानं व्याज आलं. बैलगाडीतून! सरकीच्या पेंडीची पोती. मेहुण्याचा निरोप होता, "सध्या रोकड नाही, गोड मानून घ्या."

नेमके बापू दारात उभे. पोत्यांकडं बघत म्हणाले, "पेंड शेरडं खातील, गुर्जी. पोरगी काय खाईल?"

पुढं मिल बसली. त्याच उन्हाळ्यात बापू पुन्हा आले, ते शांताच्या लग्नाच्या अक्षता घेऊन. "लई वाट बघितली," एवढंच म्हणाले. मी घोंगडी परत द्यायला गेलो, तर घेईनात. "असू द्या हितंच. आज ना उद्या कुनाच्या तरी पोरीला व्हईल."

घोंगडी ऑफिसात राहिली. वकीलसाहेबांना सतरंजी टोचायची, म्हणून बैठकीत ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसू लागले. पुढं ती अध्यक्षांची जागाच झाली.

*

ही हकीकत कानावर गेल्यावर गोदाकाकू एसटीनं आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पेटीत पाटल्या नुसत्या पडून होत्या, कबूल. पण होत्या तरी!"

त्यानंतर आम्ही रिटायर पोस्टमास्तर व्यंकटरावांना कमिटीत घेतलं. सरळ माणूस. पुन्हा वर्गणी गोळा झाली, तसा पुन्हा कुणाचा तरी भाचा मोठ्या व्याजाचं गाजर घेऊन हजर! व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "देऊ की. फक्त बुडाले तर गोदाकाकूंच्या दारात कोण जाणार, त्याचं नाव आधी सांगा."

काही पैसे पोस्टात, काही बँकेत मुदतीवर ठेवले आणि सभासदांच्या नातेवाइकांना एक पैसा द्यायचा नाही असं ठरलं. वाढ मुंगीच्या पावलानं झाली, पण झाली. एवढं साधं काम पहिल्याच वर्षी का सुचलं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

*

साठ साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर बोर्डिंग उघडलं. गोदाकाकू तोवर राहिल्या नव्हत्या. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या, वकीलसाहेब त्यांच्या नेहमीच्या जागी बसून पाहुण्यांना हार घालत होते.

बेंबळीहून एक बाई आली, सोबत दहा-अकरा वर्षांची पोर. मी नाव विचारलं.

"मी बापू धनगराची शांता. ही माजी थोरली."

वकीलसाहेबांनीही लगेच ओळखलं. "ये बाई, ये!" म्हणाले, "पहिलं नाव तुझ्याच पोरीचं लिहू. बैस."

शांता बसली नाही. ती वकीलसाहेबांच्या बैठकीकडं बघत होती. घोंगडी मधोमध विरली होती, पण काठाची पांढरी रेघ अजून दिसत होती.

पदर सावरून ती हळू आवाजात म्हणाली, "जरा उठता का, वकीलसायेब? पोरीचं हातरून हाय ते."