चिंधीकाका

काकांकडे गेलं की आधी हात धुवावे लागत. नुसते नळाखाली धरून भागत नसे. साबण लावून, नखांच्या आतपर्यंत, आणि मग दारामागच्या पांढऱ्या पंच्याला कोरडे करून. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आता बहुतेक प्रसाद मिळणार. काकांनी बुटांच्या खोक्यातून एक जाडजूड कार्ड काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर न धरता सरळ माझ्या बोटाखाली सरकवलं. म्हणाले, "बघू नकोस. हात लाव."

कार्डावर एका बेसबॉल खेळाडूचा फोटो होता. फोटोच्या खाली टपालाच्या तिकिटाएवढी खिडकी कापलेली आणि त्या खिडकीत कापडाचा तुकडा बसवलेला. खेळाडूनं सामन्यात घातलेल्या कपड्याचा खरा तुकडा. काही कार्डांत बॅटच्या लाकडाची चकती असते. याला इथे रेलिक कार्ड म्हणतात. काकांकडे अशी त्रेचाळीस कार्डं होती, सगळी एकाच संघाची, त्यांच्या लहानपणच्या. साधी, नुसत्या फोटोंची कार्डंही एके काळी पुष्कळ होती म्हणे. पण काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा त्यांनी ती वाटून टाकली. "चित्राचं मला काय करायचंय?" असं म्हणून ते विषय संपवायचे. उरली ती बोटांनी दिसणारी.

'चिंधीकाका' हे नाव त्यांना आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी दिलं. संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ हातात देता देता, सगळ्यांसमोर. "काय चिंधीकाका, या आठवड्यात कुणाची पँट मिळाली?" लोक हसले. मुलांनी ते नाव उचललं आणि मग मोठ्यांनीही. अध्यक्ष इथल्या एका कंपनीत डायरेक्टर आहेत, आणि मंडळाची मीटिंगही कंपनीची असल्यासारखी चालवतात. अशा वेळी 'माणूस तसा वाईट नाही' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी म्हणणार नाही. काका मात्र चिडले नाहीत. तोंडात हलवा घोळवत म्हणाले, "चिंधीच आहे. पण कुणाची आहे, ते विचार."

ती पंधरा नंबरची होती. त्या खेळाडूला काका कधी नावानं हाक मारत नसत, पाठीवरच्या आकड्यानंच ओळखत. काका नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर सांगलीहून इथल्या एका पोलादाच्या कारखान्याच्या गावात आले. वर्गात ते एकटेच सावळे, इंग्रजीचा एक शब्द येत नाही, डब्यातल्या भाजीच्या वासावरून रोज टवाळी. संध्याकाळी घरी येऊन ते रेडिओला कान लावून बसायचे. समालोचक पंधरा नंबरबद्दल जे बोलायचा ते मोठ्यानं म्हणून बघायचे. इंग्रजी त्यातूनच आलं. "शाळेनं नाही, पंधरा नंबरनं शिकवलं मला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मैदान घरापासून तासाभराच्या अंतरावर होतं. वडिलांनी एकदाही नेलं नाही. "नाद लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी आपल्याला परत जायचंय," असं ते दर वर्षी सांगायचे. अकरा वर्षं सांगत राहिले. तोवर पंधरा नंबर खेळणं सोडून निघूनही गेला होता. सत्तरी उलटलेला हा माणूस हे सांगताना टेबलावर मूठ आपटायचा. त्यांच्या वडिलांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली असतील.

पंधरा नंबरचं कार्ड खोक्यात सगळ्यांत मागे, रुमालात गुंडाळलेलं असे. आत करड्या लोकरीचा तुकडा. त्या काळी हे लोक भर उन्हाळ्यात लोकरी कपड्यांत खेळायचे. तुकडा पँटचाच होता, अध्यक्षांचं तेवढं खरं. एका कडेला शिवण होती आणि शिवणीच्या बाजूला कापड झिजून मऊ झालं होतं. "इथे बघ," म्हणत काका माझं बोट तिथे नेऊन ठेवायचे, "घासलंय ना? हा घसरत जाऊन बेस गाठायचा. उजव्या मांडीवर. रेडिओवर नुसतं ऐकलं होतं मी. आता दिसतंय." सुरुवातीला मला नुसतं कापड लागायचं. वर्षभरानं ती झीज मलाही कळायला लागली. डोळ्यांच्या दोन ऑपरेशन्सना त्यांनी ते कार्ड खिशात घालून नेलं होतं. नर्सनं काढायला सांगितलं तर तिच्याशी भांडले होते.

आम्ही दोघं सनीव्हेलच्या एकाच अपार्टमेंटमध्ये, मी वरच्या मजल्यावर, ते खाली. दर शनिवारी मी त्यांना ड्राइव्ह करून सांता क्लाराच्या एका कार्डांच्या दुकानात न्यायचो. दुकानाची मालकीण कुणालाही प्लॅस्टिकच्या पाकिटातून कार्ड बाहेर काढू देत नसे, पण काकांना देत असे. कारण काका बोट फिरवून सांगायचे, कापड खरोखर घामात भिजलेलं आहे की नाही. हल्लीच्या कार्डांत लबाडी असते. खेळाडूला एका बैठकीत वीस शर्ट नुसते घालून काढायला लावतात, आणि झालं, 'खेळाडूनं घातलेलं कापड'. मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे कापड कुठल्याही विशिष्ट सामन्यातलं नाही. ते मला वाचून दाखवायला लागायचं. मग काका भर दुकानात मराठीतून सुरू व्हायचे. त्यांचं मराठी सांगली सोडली तिथेच, चौथीच्या वर्गात थांबलं होतं, त्यामुळे शिव्याही तिथल्याच. "लबाड! खोटारडे! रडीचा डाव आहे हा!" मालकीण हसत मला विचारायची, काय म्हणतायत? मी म्हणायचो, आवडलं नाही त्यांना.

त्यांची पंचाहत्तरी आली. मंडळानं सत्कार करायचं ठरवलं. कमिटीची मीटिंग अध्यक्षांच्या घरी, समोर पोहे आणि चकल्या. अध्यक्ष म्हणाले, "शाल-श्रीफळ आहेच, पण काहीतरी युनिक करू या. काकांचं एवढं कलेक्शन, शूबॉक्समध्ये पडलंय यार. उद्या पाणी सांडलं, तर? आपण ते सगळं एका मोठ्या बोर्डवर माउंट करू आणि वरून लॅमिनेट. टीशर्ट छापायचं हीटप्रेस आहेच आपल्याकडे." सगळ्यांना कल्पना भलतीच आवडली. आवडणारच. आपल्या लोकांना एखादी गोष्ट मोलाची वाटली की ती प्लॅस्टिकमध्ये गेल्याशिवाय चैन पडत नाही. माझी दहावीची मार्कशीट लॅमिनेट केलेली आहे, आजोबांचं मानपत्र लॅमिनेट केलेलं आहे, टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे आणि त्या कव्हरवर रबर बँड आहे. जपणं म्हणजे हात लागू न देणं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं.

मी बोललो. अगदीच नाही असं नाही. म्हणालो, "पण काका हात लावून बघतात…"

"अरे, म्हणूनच तर!" अध्यक्ष म्हणाले. "बोटांचं तेल लागतं त्याला." पुन्हा सगळे हसले. मी चकली उचलली. पुढचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं, की तो माणूस आंधळा आहे, त्याला बोटांशिवाय दुसरं काही नाही. ते वाक्य मी चकलीबरोबर गिळलं. त्या वर्षी मला सेक्रेटरी करायचं चाललं होतं. कारण एवढंच, आणि ते लिहिताना मला माझीच शिसारी येते.

बेलव्ह्यूला काकांची मुलगी असते, तिला मंडळानं फोनवर विचारलं. ती म्हणाली, "सो स्वीट ऑफ यू गाइज! ही विल लव्ह इट." काकांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. ते दुपारी ज्येष्ठांच्या केंद्रात जेवायला गेले असताना मी खोकं उचललं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "खोकं दिसत नाही रे." मी म्हणालो, "मी नेलंय काका, नीट लावून देतो." ते म्हणाले, "बरं बरं. तुझ्याकडे आहे ना, मग झालं."

अध्यक्षांच्या गराजमध्ये हीटप्रेसचा पत्रा खाली दाबला गेला तेव्हा मी तिथेच उभा होतो. लोकर तापल्याचा वास आला. 

कार्यक्रमाला दोनशे माणसं तरी असतील. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं, अर्थात लॅमिनेट केलेलं. मग दोघांनी तो बोर्ड धरून स्टेजवर आणला. काकांनी त्याच्यावरून तळवा फिरवला. डावीकडून उजवीकडे, मग खाली. माइक समोरच होता. "हे काय आहे? टेबल आहे का?" त्यांनी विचारलं. हॉल हसला.

"काका, तुमची कार्डं!" अध्यक्ष माइकमध्ये ओरडले. "आता शंभर वर्षं काही होणार नाही यांना! पुसली तरी चालतील!"

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत काका एक बोट त्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून हळूहळू फिरवत होते. कुठे खिडकीची कड लागते का, शिवण लागते का, शोधत होते. मग म्हणाले, "कुणी दिली ही?" अध्यक्षांनी मला स्टेजवर बोलावलं, माझ्या हातात गुलाब दिला आणि माझं नाव घेतलं. मी कुठे असेन त्या अंदाजानं काकांनी मान वळवली, पण मी काही बोललोच नव्हतो, त्यामुळे ती थोडी चुकली. मग ते माइकमध्ये म्हणाले, "मंडळाचा मी आभारी आहे."

घरी परतताना गाडीत ते शालीची घडी मांडीवर धरून बसले होते. बोर्ड मागच्या सीटवर आडवा. मी बरंच काहीबाही बोललो, जेवण चांगलं होतं, गर्दी छान होती. मला वाटत होतं, त्यांनी चिडावं. लबाड म्हणावं, खोटारडा म्हणावं, भर हायवेवर मूठ आपटावी. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यांना समजलं नाही, ठीक आहे. तुला तर ठाऊक होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्लेड आणि हेअर ड्रायर घेऊन खाली गेलो. ते खुर्चीत बसले होते. मी पंधरा नंबरपासून सुरुवात केली. प्लॅस्टिक निघालं, पण लोकर त्याला चिकटून निघाली, आणि जी हाताशी आली ती गोंद पिऊन नखासारखी कडक झालेली. शिवण सपाट झाली होती. मी तो तुकडा त्यांच्या बोटाखाली ठेवला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं.

"कोण आहे हा?"

"पंधरा नंबर, काका."

"असेल," ते म्हणाले. "तू म्हणतोस, तर असेल."

बाकीची बेचाळीस मी सोडवली नाहीत. ते नको म्हणाले. पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना बेलव्ह्यूला घेऊन गेली. बोर्ड तिनं प्रेमानं स्वतःच्या हॉलमध्ये लावला, त्यात काय गेलं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनीही नाही. फोनवर आम्ही बोलायचो. माझ्या कामाबद्दल विचारायचे, व्हिसाचं काय झालं विचारायचे. मी मुद्दाम त्यांच्या संघाचा स्कोअर सांगायचो. ते "हो का?" म्हणायचे आणि हवा कशी आहे ते विचारायचे. एवढ्या साध्या दोन शब्दांनी माणसाला घालवून देता येतं, हे मला माहीत नव्हतं. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते, यांनी तर रागावण्याइतकंही मला जवळ ठेवलं नाही. त्याचाही मला राग येतो. येऊ नये, पण येतो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मंडळानं ऑनलाइन शोकसभा ठेवली. साठ-सत्तर चौकोन, त्यांतल्या एकात काकांची मुलगी, तिच्या मागे भिंतीवर तो बोर्ड चकचकत होता. अध्यक्षांनी भाषण केलं. शेवटी म्हणाले, "काकांचा हा ठेवा आपल्या मंडळानं कायमचा जपला, याचं मला समाधान आहे."

मी माइक चालू केला. म्हणालो, "जपला नाही. मारला. काका बोटांनी बघायचे आणि आपण त्यांचे डोळे दुसऱ्यांदा घालवले. अध्यक्षांनी नाही, मी. खोकं मी उचलून नेलं होतं, आणि मला…"

इतक्यात स्क्रीनवर पाटी आली की होस्टनं तुमचा आवाज बंद केला आहे. अध्यक्ष पुढच्या वक्त्याचं नाव पुकारत होते. काकांची मुलगी कपाळाला आठ्या घालून स्क्रीनजवळ आली होती, माझ्या ओठांकडे बघत. मी बोलायचा थांबलो नाही. ते चकलीपाशी गिळलेलं वाक्य, गराजमधला वास, सेक्रेटरीपद, सगळं शेवटपर्यंत सांगितलं, त्या बंद माइकमध्ये.

मग फोन उचलला आणि तिचा नंबर लावला.